वडापने सोलापूर: गाडी दारात लावून सात महिने, शिलाईच्या गठ्ठ्यांसकट

सकाळी सात-दहाला मारुतीच्या देवळापुढं लांब हॉर्न वाजतो, मग पाच मिनिटांनी दोन आखूड, आणि दोन आखूड वाजले की समजायचं आता दोनच सीट राहिल्यात, पळा. हा रिव्ह्यू त्या गाडीचा. आमच्या गावातून मंद्रूप, तिथून हायवेवरचा तेरा मैल नावाचा फाटा, मग वडकबाळ, हत्तूर, सोरेगाव, सैफुल करत विजापूर रोडने सोलापुरात येणारी जुनी डिझेल जीप, माणशी भाडं घेऊन भरली की सुटणारी, तिला सगळे वडापच म्हणतात. हिला ॲप नाही की बोर्ड नाही, म्हणून हिच्याबद्दल कोणी लिहीत नाही, पण मी सात महिने आठवड्यातून दोनदा हिनेच गेले-आले, आणि हॉटेलातल्या थाळीबद्दल लोक पानभर लिहितात तर हिच्याबद्दल नीट लिहिलंच पाहिजे असं मला वाटतं.

आधी माझं काम सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी घरी शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. सोलापूरचं युनिफॉर्मचं मार्केट लांब लांब माल पाठवतं हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, पण त्यातलं जॉबवर्क आमच्यासारख्या खेड्यांत होतं हे फार कमी जणांना माहीत असतं. शहरातल्या कारखान्यातून कटिंग केलेले पीस गठ्ठा बांधून आणायचे, घरी दोघी-तिघींनी शिवायचे, शिवून झाले की परत न्यायचे. म्हणजे आठवड्याला दोन फेऱ्या पक्क्या, आणि जूनच्या आधी सीझनला तीन-चार सुद्धा. एका बाजूने तेहतीस किलोमीटर, जाऊन-येऊन सहासष्ट.

हे सगळं मी आधी आमच्या गाडीने करायचे. २०१३ ची पेट्रोल गाडी, छोटीच, मीच चालवते, डिकीत चार गठ्ठे आणि मागच्या सीटवर दोन बसायचे. गाडी घेतली तेव्हा घरात सणासारखं होतं आणि खरंच तिच्यामुळं माझं काम सुरू झालं, तिची निंदा मी कधीच करणार नाही. पण हळूहळू असं झालं की गाडीशिवाय काही होतच नाही. किराणा सोलापुरातून, दात दुखला सोलापूर, मोटारीचं बेअरिंग गेलं सोलापूर, बँकेचं काम मंद्रूप नाहीतर सोलापूर. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्या सांगतात की त्यांच्या वेळी आठवडी बाजाराला बैलगाडी जुंपायची आणि आठवड्याचं सगळं एकदाच आणायचं, डॉक्टर फटफटीवरनं गावात यायचा, शिंपी न्हावी सुतार गावातच. आता घरटी दोन मोटरसायकली आहेत म्हणून बाजार लांब गेला की बाजार लांब गेला म्हणून मोटरसायकली आल्या हे मला सांगता येत नाही, पण गावातलं दुकान बंद पडलं ते काही परत उघडलं नाही.

मला पहिला धक्का बसला जानेवारी २०२४ मध्ये. तेव्हा हिट अँड रनच्या नव्या कायद्यातल्या कलमाविरुद्ध ट्रक आणि टँकर ड्रायव्हरांनी एक आणि दोन तारखेला गाड्या उभ्या केल्या होत्या, आठवत असेल सगळ्यांना, पंपांवर रात्रीपर्यंत रांगा. त्या दिवशी आत्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरची तपासणी होती आणि आमच्या गाडीचा काटा लाल पट्टीवर. मिस्टर दीड तास पंपावर थांबून रिकाम्या हाताने आले, पेट्रोल संपलं म्हणून बोर्ड लावलेला. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की आपण किती लांबच्या टोकाला लटकतोय. पाकणीला तेलाचा डेपो आहे, मुंबईहून पुणेमार्गे पाइपलाइन थेट तिथंपर्यंत येते, म्हणजे तेल आपल्या जिल्ह्यात आलेलं असतं, पण टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला की डेपोपासून आमच्या पंपापर्यंतचं एवढंसं अंतर सुद्धा तेलाला पार करता येत नाही. आणि पाइपलाइनच्या पलीकडचं तर विचारूच नका, देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. कुठल्या तरी समुद्रात जहाज अडलं तर माझ्या गठ्ठ्यांचं काय होणार, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडतो आणि तो मला अजिबात लांबचा वाटत नाही.

त्या दिवशी आत्यांना घेऊन गेलं ते हेच वडाप. अण्णांची आदल्या दिवशी टाकी फुल होती, पुढच्या सीटवर आत्यांना बसवलं, डोळ्यावर वारा लागू नये म्हणून काच वर केली, हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जीप आत घातली. (अण्णा म्हणजे ड्रायव्हर-मालक, नाव टाकत नाही, त्यांना आवडणार नाही.)

तरीपण मी लगेच गाडी सोडली नाही. सोडली ती गेल्या वर्षी, क्लच आणि टायर एकदम आल्यावर, आणि मी वहीत सहा महिन्यांच्या पेट्रोलची बेरीज केली तेव्हा. बेरीज बघून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. शिलाईचे जे मिळत होते त्यातला मोठा वाटा मी पंपावर ओतत होते.

हिशोब देते, कारण रिव्ह्यूत हेच महत्त्वाचं. आमची गाडी आधी सोळाचं ॲव्हरेज द्यायची, आता पंधरा देते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय आणि २०१३ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉलच्या अहवालातच अशा जुन्या धर्तीच्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी कमी होईल असं दिलंय, आमचं बरोबर तेवढंच कमी झालं. यात मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्याच भावकीतला ऊस कारखान्याला जातो, त्याच्या मळीचं-रसाचं इथेनॉल होतं, म्हणजे हे तेल थोडंफार आमच्याच पाण्यावर पिकलेलं असतं, आणि उन्हाळ्यात बोअर आटली की पाण्याचा टँकर डिझेलवर येतो. असो, हा विषय मोठा आहे.

तर सहासष्ट किलोमीटरला पंधराच्या हिशोबाने ४.४ लिटर, तेव्हाच्या १०४-१०५ च्या भावाने साडेचारशेच्या वर. एका बाईसाठी. गाडीत मी एकटी आणि सहा गठ्ठे.

अण्णांची जीप बाराचं ॲव्हरेज देते असं ते सांगतात, लोड असला तर अकरा. सहासष्टला साडेपाच लिटर डिझेल. त्यात बारा माणसं धरली तर माणशी अर्धा लिटर सुद्धा पडत नाही. ४.४ लिटर कुठं आणि अर्धा लिटर कुठं, मी हे वहीत तीनदा करून बघितलं. तिकीट एका बाजूला ५० रुपये, गठ्ठ्याला १०. मी दोन-दोन गठ्ठे नेते-आणते, म्हणजे पूर्ण फेरीचे १४० रुपये. आधी एका फेरीत सहा गठ्ठे आणायचे, आता आठवड्याचे चारच येतात, पण बाकीचे दोन अण्णा मधल्या दिवशी माझ्याशिवायच आणून देतात, ते पुढं सांगते.

आता अनुभव.

बुकिंग. आदल्या रात्री नऊच्या आत फोन करायचा नाहीतर व्हॉट्सॲपवर "उद्या १ सीट २ गठ्ठे" असं टाकायचं. अण्णा उत्तर देत नाहीत, फक्त अंगठा टाकतात, अंगठा आला म्हणजे सीट पक्की, आणि ती खरंच पक्की असते, सात महिन्यांत एकदाही माझी सीट दुसऱ्याला दिली नाही. फोन न करता आलात तर मागच्या बाकड्यावर, तेही जागा असली तर.

वेळ. इथं तुम्हाला तुमचा स्वभाव बदलावा लागतो. सात-दहाची गाडी सात-दहाला निघत नाही, भरल्यावर निघते. कधी सव्वासात, कधी पावणेआठ. पुन्हा मंद्रूपला दहा मिनिटं, तेरा मैलला पाच. सोमवारी तर सात-पाचलाच भरते. मला सुरुवातीला फार चिडचिड व्हायची, गाडीची सवय, मनात आलं की किल्ली फिरवली. महिन्याभराने मी काजाचं हातकाम पिशवीत घेऊन जायला लागले, थांबल्या वेळेत दहा-बारा पीस होतात. गाडी चालवताना हे कधीच झालं नसतं. शिवाय गाडी चालवून आले की पाठ धरायची आणि हायवेला मागून कंटेनर आला की जीव वर यायचा, ते आता नाही.

बसण्याची जागा. पुढं ड्रायव्हरशेजारी दोघं, ती जागा म्हातारी माणसं आणि आजारी माणसांची, अण्णा तिथं धडधाकट पोराला बसू देत नाहीत, कितीही ओळखीचा असला तरी. मधली सीट बायकांची. मागं समोरासमोर बाकडी, तिथं पुरुष आणि कॉलेजची पोरं. हे कुठं लिहिलेलं नाही पण मोडलं की सगळी गाडी बोलते. मधल्या सीटवर चौघी बसतो, तीन बसल्या तर आरामात. मेथीच्या पेंढ्या, दुधाची किटली, कुणाच्या तरी मांडीवर पोर, एकदा तर कोंबडी पण होती पिशवीत. उन्हाळ्यात मात्र हाल. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनच्या परतीच्या फेरीला सोलापूरचं ऊन ४२-४३, पत्रा तापलेला, एसी नावाची गोष्ट नाही. मी त्या दोन महिन्यांत संध्याकाळचीच परतीची गाडी धरायचे, दुपारची धरू नका, लहान मूल बरोबर असेल तर अजिबात नको.

सामान टपावर जातं. वर जाळी आहे, ताडपत्री आहे, दोरी अण्णा स्वतः आवळतात. माझ्या गठ्ठ्यांची मला पहिल्यांदा भीती वाटली, पांढरे शर्ट, एक डाग पडला तर पीस माझ्या अंगावर येतो. पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं, "वहिनी, पांढरा माल हाय का रंगीत?" मी म्हटलं पांढरा. तर त्यांनी टपावरचे कांदे एका कडेला सारून खाली पोतं अंथरलं, माझे गठ्ठे वर ठेवले आणि वरून ताडपत्री. तेव्हापासून रोज तेच. पावसाळ्यात गठ्ठे आत, पायाखाली, त्याचे पैसे जास्त घेत नाहीत.

पण या वडापची खरी किंमत मला सीटमध्ये नाही दिसली, ती दिसली सामान पोचवण्यात. ही जीप म्हणजे गावाचं कुरियर आहे. माझा पुतण्या सोलापुरात हॉस्टेलला आहे, त्याच्यासाठी आठवड्यातून दोनदा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा जातो, तो सैफुलच्या कोपऱ्यावर उभा राहून घेतो आणि रिकामा डबा परत देतो. पंपाचं बेअरिंग, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी, शाळेच्या झेरॉक्स, ड्रिपचे जॉइंटर, चष्म्याची काडी, सगळं अण्णांच्या हाती. पैसे दुकानदाराला फोनवरनं पाठवायचे, अण्णा वस्तू आणतात, १० नाहीतर २० रुपये. आमचे मिस्टर आधी एका बेअरिंगसाठी सहासष्ट किलोमीटर गाडी पळवायचे, मी स्वतः बटनं कमी पडली म्हणून गेलेय. माझ्या वहीत गेल्या सात महिन्यांत अशा एकोणतीस वस्तू लिहिल्यात. त्यातल्या निम्म्यांसाठी जरी गाडी काढली असती तरी किती पेट्रोल गेलं असतं ते तुम्हीच करा. कारखान्यातले ते मधल्या दिवशीचे दोन गठ्ठे पण असेच येतात, कारखान्याचा पोरगा विजापूर रोडला आणून देतो, अण्णा चिठ्ठीवरचे पीस मोजत नाहीत पण गठ्ठ्याची गाठ बघून घेतात.

बातम्या पण याच गाडीत कळतात. मार्केट यार्डात आज कांदा काय निघाला, कुठल्या दवाखान्यात कोणता डॉक्टर बसतो, कुणाची सोयरीक मोडली. मला दोन नवीन शिलाईवाल्या बायका या मधल्या सीटवरच मिळाल्या. एक हत्तूरला चढते, एक मंद्रूपची. गाडीत एकटी जाताना मला रेडिओशिवाय कोण भेटत होतं.

आता वाईट बाजू, आणि इथं मी काही झाकणार नाही कारण तुमच्या लेकरांना घेऊन तुम्ही बसणार.

एक नंबरची गोष्ट, ओव्हरलोड. कायद्यात मॅक्सी कॅब म्हणजे ड्रायव्हर सोडून सहाच्या वर ते बारापर्यंत प्रवासी. या जीपमध्ये सोमवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी मी पंधरा-सोळा मोजलेत, मागं दोघं दाराला धरून. विम्याची पॉलिसी जेवढ्या सीटची तेवढ्याच माणसांचं बघते, वरच्या तिघा-चौघांचं काय हे अपघात झाल्यावर कळतं, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. आणि आपल्याकडं बऱ्याच वडाप गाड्या पांढऱ्या नंबरप्लेटवर चालतात, म्हणजे घरगुती गाडी, तिला भाड्याने माणसं नेण्याची परवानगीच नसते. अण्णांची प्लेट पिवळी आहे, मी पहिल्याच दिवशी बघितली. पण पिवळ्या प्लेटवाल्यांनासुद्धा रस्त्यात एकेक माणूस चढवत-उतरवत टप्प्याची वाहतूक करायला मोकळीक नाही, ते परमिट वेगळं असतं आणि आपल्या राज्यात ते काम एसटीचं. म्हणून तर ही जीप एसटी स्टँडच्या जवळपास फिरकत नाही, दोनशे मीटरच्या आत अशा गाड्यांना बंदी आहे, विजापूर रोडला एका लिंबाच्या झाडाखाली लागते. म्हणजे ज्या गाडीवर सगळं गाव चालतं ती कागदावर अर्धी आहे अर्धी नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. त्यांना नीट परमिट द्या, बारा सीटचा नियम कडक लावा, फिटनेस तपासा, पण त्यांना झाडाखाली लपायला लावू नका.

मी यावर अण्णांशी भांडले पण. एकदा वडकबाळच्या पुलावर जीप एवढी हेलकावली की मधल्या सीटवरच्या आजीने माझा हात धरला तो तेरा मैलपर्यंत सोडला नाही. उतरल्यावर मी म्हटलं अण्णा, तुम्ही बाराच घ्या, आम्ही साठ रुपये देतो. ते म्हणाले, "वहिनी, तुमी द्याल, मागच्या बाकड्यावरचं पोरगं देतंय का? त्याला पन्नासच जड हाय." हे पण खरं होतं, माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं की मंगळवार आणि शुक्रवारची सकाळची फेरी साठ रुपये आणि बाराच माणसं, बाकी दिवस आहे तसं. चार महिने झाले, ती साठवाली फेरी सगळ्यात आधी भरते आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका असतात. मी माझ्या फेऱ्या त्याच दोन दिवसांवर टाकल्यात. म्हणजे तेव्हापासून मला १४० च्या जागी १५० पडतात, ते मी आनंदाने देते.

दोन, फोन. अण्णा चालवताना फोन उचलतात. सगळं बुकिंग फोनवर, त्यामुळं वाजतच राहतो. आता पुढच्या सीटवर जो बसतो त्याने फोन घ्यायचा असं आम्ही लावून दिलंय, आणि बहुतेक वेळा ते पाळतात. बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही, म्हणून इथं मी मार्क कापते.

तीन, लग्नसराई. याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. मुहूर्ताच्या दिवशी जीप वऱ्हाडाला जाते, एका दिवसाला चार हजार मिळतात म्हटल्यावर आमच्या पन्नास-पन्नास रुपड्यांसाठी कोण थांबेल. मे महिन्यात असे सलग तीन दिवस गेले, आणि तो नेमका युनिफॉर्मचा भर सीझन. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, निवडणूक लागली की प्रचार. आधी सांगतात, अचानक दगा देत नाहीत, पण सांगून सुद्धा फेरी बंद ती बंदच. त्या तीन दिवसांत मी गाडी काढली, दुसरा इलाज नव्हता, आणि पेट्रोल टाकताना हात जड झाला. दुसरी जीप एक आहे गावात पण ती मी एकदाच वापरली, परत बसणार नाही, टायरची नक्षी संपलेली होती.

चार, रात्र. सोलापुरातून शेवटची परतीची साडेसहाला, नंतर काही नाही. रात्री कुणाला साप चावला, बाळंतपण आलं तर वडाप कामाचं नाही. १०८ आहे, पण घरातलं माणूस तळमळत असताना गाडी दारात असणं काय असतं ते ज्याच्या घरी वेळ आलीय त्याला विचारा. म्हणून आम्ही गाडी विकली नाही. ती दारात उभी आहे, आठवड्यातून एकदा सुरू करते, टाकीत दहा लिटर कायम ठेवते आणि त्याला हात लावत नाही. आधी गाडी म्हणजे रोजचं काम आणि वडाप म्हणजे अडचण, आता उलटं झालंय.

गेल्या सप्टेंबरमध्ये, २०२५ ला, सीनेला पूर आला तेव्हा हत्तूरजवळ पाणी येऊन विजापूर हायवेच बंद झाला होता, तेव्हा गाडी काय आणि वडाप काय, सगळे सारखेच. त्या दिवसांत अण्णांनी मंद्रूपपर्यंतच्या फेऱ्या चालू ठेवल्या, दूध आणि औषधासाठी. त्याचे जादा पैसे घेतले नाहीत हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एसटीशी तुलना करायलाच हवी, कारण बरेच जण विचारतात. हायवेला तेरा मैलवरून एसटी भरपूर मिळतात. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, आत्यांना पंचाहत्तर पूर्ण झाल्यामुळं फुकट, विमा-कायदा सगळं पक्कं. पैशात वडाप एसटीपुढं टिकतच नाही, आणि रिकाम्या हाताने जायचं असेल तर मी डोळे झाकून एसटी सांगेन. प्रश्न आहे तो घरापासून तेरा मैलपर्यंतच्या बारा किलोमीटरचा, आणि गठ्ठ्यांचा. आता मी कधीकधी असं करते की गठ्ठे अण्णांच्या टपावर टाकते, मी मिस्टरांच्या मोटरसायकलवरून तेरा मैलला येते आणि तिथून एसटीने. अण्णा यावर रागावत नाहीत, उलट म्हणतात एक सीट मोकळी झाली. आणि २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप होता तेव्हा या पूर्ण पट्ट्यातली कॉलेजची पोरं, दवाखान्याचे पेशंट, कोर्टाच्या तारखा कोणी ओढल्या, तर याच जीपांनी. मला दोन्ही पाहिजेत, हायवेला लाल गाडी आणि गावातून हायवेपर्यंत परमिट असलेलं वडाप, वेळ जुळवून. एवढं झालं तर आमच्या गावातल्या निम्म्या गाड्या आठवडाभर दारातच राहतील, आमच्या गल्लीतल्या चौघींनी तर मला तसं बोलून दाखवलंय.

गावातल्या काही जणांना माझं हे आवडलं नाही. घरात चारचाकी असून वडापात बसते, मिस्टरांचा धंदा बसला का, असं आत्यांना कोणीतरी विचारलं. आत्या म्हणाल्या, "गाडी हाय, पण तेल काय आपल्या आडातनं निघतंय व्हय?" त्यानंतर घरात हा विषय संपला. बाहेर अजून चालू आहे, पण शेजारच्या वस्तीवरच्या दोघांनी आता मार्केट यार्डाला जाताना एकच पिकअप करायला सुरुवात केलीय, आधी दोन जायच्या, एकामागं एक, दोन्ही अर्ध्या रिकाम्या.

मार्क द्यायचे तर, पाचपैकी. पैसा आणि तेल याला पाच. सामानाला पाच, यात काही कमी करायला जागाच नाही. वेळेला तीन. बायकांच्या सोयीला चार. सुरक्षिततेला मंगळवार-शुक्रवारच्या फेरीला साडेतीन आणि सोमवारच्या फेरीला दीड, सोमवारी लहान मुलं घेऊन बसू नका, हे मी अण्णांना तोंडावर पण सांगितलंय. उन्हाळ्यात दुपारी एक.

पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी थोडं. सुट्टे पैसे ठेवा, फोनवरनं पैसे घेतात पण वडकबाळच्या पुढं रेंज जाते. प्लेट पिवळी आहे का बघा, टायर बघा, लाजू नका, तुमचा हक्क आहे. उलटी होत असेल तर आधीच सांगा, खिडकी देतात. पांढरा माल असेल तर तेही सांगा. आणि रात्री नऊच्या आत फोन.

उद्या शुक्रवार आहे, दोन गठ्ठे तयार आहेत, नववीच्या मुलींचे कुर्ते, आणि आत्यांचा चष्मा बदलायचाय म्हणून पुढची सीट पण सांगितलीय. आठ-पन्नासला मेसेज टाकला होता, अंगठा आला.